नाना नावाचं वादळ: हरिकेनची बारशी नेमकं कोण करतं?

चिंगी_ह्यूस्टन
मंडळी, विषय जरा फालतू आहे पण चार दिवस आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दुसरं काही चाललेलंच नाही म्हणून इथे टाकतेय. झालं असं की इकडे १ जूनला हरिकेन सीझन सुरू होतो, त्याआधी ऑफिसात दरवर्षीचं तयारीचं पत्रक वाटतात, पाणी किती साठवा, बॅटऱ्या किती आणा वगैरे, आणि मागच्या पानावर २०२६ च्या वादळांची नावं. आर्थर, बर्था, क्रिस्तोबल, डॉली असं करत खाली आले तर चौदावं नाव काय, नाना! मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. आमचे सासरे, ज्यांना घरात, आळीत, अख्ख्या श्रीवर्धनात सगळे नानाच म्हणतात, त्यांचा दोन मिनिटांत फोन. "अगो, माझं नाव त्यांना दिलं कुणी?"

मी म्हटलं नाना तुमचं नाही हो, त्यांच्याकडची कुणीतरी नाना असेल. तर म्हणे असेल कशी, चौकशी कर. तर ही चौकशी. मला एवढंच माहितीये की ए पासून सुरू करतात आणि एक बाई एक पुरुष असं जातं. बाकी ही नावं ठरवतं कोण, आणि वादळ यायच्या आधीच ठरलेली कशी असतात? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवचट_काका
सोप्पंय. हवामान खात्यातला साहेब सकाळी बायकोशी भांडून येतो आणि दिवसभरात जे वादळ होईल त्याला तिचं नाव देतो.

गवती_चहा
काका तुम्ही थट्टा करताय पण अगदीच खोटं नाहीये ते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये अमेरिकन लष्कराचे जे हवामानतज्ज्ञ होते ते नकाशावरच्या वादळांना आपापल्या बायकांची आणि मैत्रिणींची नावं द्यायचे. भांडून नाही, आठवण येते म्हणून. त्याच्याही आधी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला क्लेमेंट रॅग नावाचा एक हवामानवाला होता, त्याने आधी ग्रीक अक्षरं वापरली, मग पुराणातली नावं, बायकांची नावं, आणि शेवटी जे पुढारी त्याला आवडत नव्हते त्यांची. म्हणजे अमुक साहेब समुद्रात दिशाहीन भटकत आहेत असं सरकारी कागदावर लिहायची सोय!

खवचट_काका
हा माणूस मला आवडला. आपल्याकडे अशी सोय असती तर यादी कमी पडली नसती.

नकाशावाला
धागाकर्ती, नानांना सांगा की नाव कुणाच्याच नावावरून दिलेलं नसतं. अटलांटिकसाठी सहा याद्या आहेत, प्रत्येकीत २१ नावं, आणि त्या रहाटगाडग्यासारख्या फिरतात. २०२६ ची यादी म्हणजे २०२० चीच, एखाददुसरं नाव बदललेलं. २०३२ ला परत तीच. जागतिक हवामान संघटनेची त्या भागातल्या देशांची हरिकेन समिती आहे, ती दरवर्षी भरते आणि याद्या सांभाळते. प्रत्यक्ष नाव लावायचं काम मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचं, पण ते निवड करत नाहीत, यादीत पुढचं जे असेल ते चिकटवतात. रेशनच्या रांगेसारखं, नंबर आला की घ्या.

आणि बारसं केव्हा होतं, तर वारा ताशी ६३ किमीला पोचला की. तोवर बिचाऱ्याला नुसता नंबर असतो. ताशी ११९ झाला की मग हरिकेन, पण नाव तेच राहतं.

अवांतर: नानांनी २०२० मध्येच एकदा हजेरी लावलेली आहे. १ सप्टेंबरला नाव मिळालं, ३ तारखेला हरिकेन होऊन बेलीझला धडकले. म्हणजे ह्या वर्षी आले तर दुसरी फेरी.

चिंगी_ह्यूस्टन
नकाशावाला, हे त्यांना सांगितलं तर छाती दोन इंच फुगेल. २०२० ला आमचे खरे नाना कुठे होते माहितीये ना? ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनच्या घरात, कपाट आडवं करून दाराला लावून बसले होते. वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या, पडवीचे पत्रे कुणाच्या विहिरीत सापडले ते चार दिवसांनी कळलं. अजूनही त्यांची कालगणना तीच आहे, हा माड निसर्गाच्या आधीचा, हे छप्पर निसर्गानंतरचं.

पोफळी
मी मुरुडची. आमच्याकडे पण तस्संच. त्याच्या आधी फयान होतं, २००९ चं नोव्हेंबर, माझे चुलते तेव्हा होडीवर होते, नशीब दुपारीच परत फिरले. आमच्याकडे म्हातारी माणसं पोराला ओरडताना म्हणतात, काय फयानासारखा येतोयस. नाव म्यानमारचं, त्याचा त्यांच्या भाषेत अर्थ काय कुणाला पत्ता नाही पण इथे शब्द म्हणून रुजला की. निसर्ग हे मात्र फारच विचित्र वाटलेलं तेव्हा. बातम्यांत निसर्गाने निसर्गाची हानी केली. पंचनाम्याच्या कागदावर नुकसानीचं कारण काय, तर निसर्ग. मग नेहमी काय असतं कारण!

सदू_सातवा_मजला
माझ्या माहितीप्रमाणे अमेरिकेतल्या वादळांना पण सगळे देश पाळीपाळीने नावं देतात, बांगलादेश वगैरे, मागे टीव्हीवर दाखवलेलं.

नकाशावाला
सदूभाऊ ते आपल्या समुद्राचं. दोन्ही वेगळं. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र ह्यांच्यासाठी २००४ पासून नावं द्यायला लागले, तेव्हा आठ देश होते, प्रत्येकाची आठ नावं, ६४. पहिलं ओनिल, शेवटचं अंफान, २०२० च्या मेमध्ये. तोवर इराण, कतार, सौदी, अमिराती आणि येमेन येऊन १३ देश झाले होते, मग तेरा तेरा नावांची नवीन यादी, १६९. तिच्यातलं पहिलंच नाव निसर्ग, बांगलादेशचं. नाव लावायचं काम दिल्लीचं, आपल्या हवामान खात्याचं. इथे एकदा वापरलं की संपलं, परत येत नाही. आणि माणसांची नावं शक्यतो नकोत, बाई पुरुष काही कळता कामा नये, धर्म राजकारण नको, कुणाला लागेल असं नको, आणि इंग्रजीत जास्तीत जास्त आठ अक्षरं.

मीठभाकर
हे सगळं पाळूनसुद्धा घोटाळा होतोच. २०१३ मध्ये महासेन म्हणून वादळ आलं, नाव श्रीलंकेनेच दिलेलं, आणि ओरडाही श्रीलंकेतच झाला की महासेन हा आमचा भरभराट आणणारा राजा, त्याचं नाव विध्वंसाला कसं काय देता. मग मध्येच नाव बदलून वियारू केलं. स्वतःच पाळण्यात घालायचं आणि स्वतःच रुसायचं, आत्याबाईंसारखं.

अनु_अनारसे
आठ अक्षरांचं खरं नाही हं. आत्ता भारताची यादी काढून बघितली, त्यात प्रभंजन आहे, इंग्रजीत लिहून मोजा, दहा होतात! बाकी गती, तेज येऊन गेले. पुढे व्योम, नीर, अंबुद, जलधी अशी एकदम अपार्टमेंटची नावं आहेत. आणि एक नाव आहे आग. चक्रीवादळ आग. आता बातम्यांची पट्टी डोळ्यासमोर आणा, "आग कोकण किनारपट्टीकडे सरकली", "आग विझली नाही, पावसाचा जोर वाढला". फायर ब्रिगेडचे फोन बंद पडतील.

पोफळी
हहपुवा 😂 आणि आमच्या आईला मी फोनवर समजावतेय, अगं आग येतेय म्हणजे पाणी येतंय.

खवचट_काका
ह्या यादीत आपला एकही अस्सल शब्द नाही ह्याचा निषेध. मी सुचवतो, धुमशान. मालवणी, नर की मादी कळत नाही, राजकारण नाही, आणि इंग्रजीत मोजून आठ अक्षरं. अनुताई मोजा.

अनु_अनारसे
मोजली. आठ. काका पत्र पाठवाच तुम्ही दिल्लीला.

सदू_सातवा_मजला
सासू पण चालेल, चारच अक्षरं.

गवती_चहा
सदू, हा विनोद १९७९ मध्ये बंद पडला, खरंच. १९५३ पासून अमेरिकेत सगळ्या वादळांना फक्त बायकांची नावं असायची आणि मग बातम्या देणारे काय चेकाळायचे, ती लहरी आहे, ती चिडली, ती किनाऱ्याशी लाडीगोडी करतेय. फ्लोरिडात रॉक्सी बोल्टन म्हणून एक स्त्रीवादी बाई होत्या, त्या ह्यावर हात धुऊन मागे लागल्या. त्यांचं म्हणणं, एवढी हौस आहे नावं द्यायची तर सिनेटरांची द्या, त्यांना सगळीकडे नाव लागलेलं आवडतंच! पूल, रस्ते, इमारती, त्यात एक वादळ. शेवटी १९७८ ला पूर्व पॅसिफिकमध्ये आणि १९७९ ला अटलांटिकमध्ये पुरुषांची नावं आली. अटलांटिकचा पहिला पुरुष कोण, तर बॉब. एवढ्या वर्षांच्या लढ्यानंतर बॉब. लुइझियानात गेला आणि संपला.

खवचट_काका
पण बायकांच्या नावाची वादळं जास्त माणसं मारतात असा अभ्यास आला होता ना मध्ये? मी वाचलंय, बनवत नाहीये.

गवती_चहा
आला होता, २०१४ ला, इलिनॉय विद्यापीठातल्या लोकांचा. म्हणणं असं की बाईचं नाव ऐकून लोक वादळ गंभीरपणे घेत नाहीत. त्यावर बाकीच्यांनी धुतलं त्यांना, कारण त्यात १९७९ च्या आधीची वादळं पण धरली होती, आणि तेव्हा जवळपास सगळीच बायकांच्या नावाची! आणि त्या काळी इशारे, उपग्रह, घरं सगळंच वेगळं होतं, तेव्हा माणसं जास्त जायची ह्यात नावाचा काय दोष.

टँपाकर
उशिरा आलो पण नावाला लोक हसतात ह्यावर माझं एक. २०२४ ला मिल्टन आला आमच्याकडे. त्याच्या तेरा दिवस आधीच हेलीन पाणी घुसवून गेलेली, लोकांचे सोफे, गाद्या, ड्रायवॉल सगळं रस्त्याच्या कडेला ढीग लावून पडलेलं, ते उचललं पण नव्हतं आणि हा गल्फमध्ये कॅटेगरी पाच, म्हणजे सगळ्यात वरची. मी पुण्याला आईला फोन केला की आई आम्ही घर सोडून जॉर्जियाला निघालोय, मिल्टन येतोय. आई म्हणे, "मिल्टन म्हणजे रे? थर्मासवाला?" एवढ्या टेन्शनमध्ये, गाडीत दोन पोरं, मागे कुत्रा, पुढे चार तास न हलणारा हायवे, आणि मी आणि बायको खदाखदा हसतोय. ९ ऑक्टोबरला सिएस्टा कीला लागला, आमच्या दक्षिणेला, तोवर तीनवर उतरला होता. घरी आलो तर कुंपण शेजाऱ्याकडे आणि शेजाऱ्याचं ट्रॅम्पोलिन आमच्याकडे.

आईच्या स्वयंपाकघरात अजून तो लाल झाकणाचा मिल्टन आहे, आता त्याला ती घाबरते.

चिंगी_ह्यूस्टन
हाहा थर्मासवाला!! आमच्याकडे त्याच वर्षी जुलैत बेरिल. नाव कसं अगदी चर्चमध्ये केक विकणाऱ्या आजीसारखं, आणि होती कॅटेगरी एकच, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही, मी पण नाही. ८ जुलैला पहाटे आली आणि आमची वीज गेली ती सहाव्या दिवशी आली. ह्यूस्टनचा जुलै, एसी नाही, फ्रीजमधलं आईने पाठवलेलं लोणचं सोडून सगळं फेकलं. वीज कुठे आहे ते कळायला धड नकाशा नव्हता, मग लोकांनी शोध लावला की व्हॉटाबर्गरच्या ॲपवर त्यांची कुठली दुकानं उघडी आहेत ते दिसतं, नारिंगी म्हणजे उघडं, म्हणजे तिथे वीज! आम्ही दोन दिवस बर्गरच्या नकाशावर फोन चार्ज करायला फिरत होतो, आणि घरात सगळे शाकाहारी.

बरं मुद्द्यावर, वाईट वादळांची नावं काढून टाकतात ना? रिटायर म्हणतात वाटतं.

नकाशावाला
हो. फार नुकसान झालं तर ज्यांना फटका बसला ते देश मागणी करतात आणि समिती नाव यादीतून उडवते, त्याच अक्षराचं दुसरं घालते. कॅटरिना गेली कॅटिया आली, सँडीच्या जागी सारा, हार्वीच्या जागी हॅरल्ड, मायकल गेला त्याच्या जागी मिल्टन आणला आणि मिल्टन पहिल्याच खेपेला बाद! आता मिगेल. तुमची बेरिल पण गेली, ब्रियाना झाली. यंदाच्या यादीत पूर्वी लॉरा होती, २०२० ला तिने लुइझियानात धुमाकूळ घातला, म्हणून आता लिया आहे.

सगळ्यात जास्त बाद झालेलं अक्षर आय. इव्हान, आयिक, आयरीन, अर्मा, आयडा, इयन. ह्यात काही शाप वगैरे नाही, सीझनचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास असतो आणि साधारण तोवर यादी आयपर्यंत येते. शाळेत हजेरी घेताना बरोबर तुमच्या नंबराला मास्तर चिडतात तसं.

अनु_अनारसे
मग नानांना रिटायर करतील का?

चिंगी_ह्यूस्टन
ते १९९८ लाच झालेत, पोस्टातून. पेन्शन चालू आहे.

मीठभाकर
२१ च का पण? अक्षरं तर २६.

नकाशावाला
क्यू, यू, एक्स, वाय, झेड वगळलेत, पुरेशी नावं मिळत नाहीत म्हणून. नावं इंग्रजी, स्पॅनिश आणि फ्रेंच तिन्ही लोकांना चालतील अशी लागतात, शिवाय प्रत्येक अक्षराला सहा आणि वर बदली खेळाडू. आपल्याकडे ण आणि ळ वरून मुलाचं नाव शोधून बघा, तशी गत.

२१ संपली तर पूर्वी ग्रीक अक्षरं लावायचे, २००५ ला लागली आणि २०२० ला, त्या वर्षी तब्बल ३० वादळांना नावं दिली, आयोटापर्यंत गेले. पण झीटा, ईटा, थीटा एकाच वेळी बातम्यांत आले की ऐकणाऱ्याला काही कळेना, आणि ईटा आयोटाने मध्य अमेरिकेत इतकी वाट लावली की ती नावं बाद करायची वेळ आली. आता ग्रीक वर्णमालेतलं अक्षर बाद करून त्याजागी काय आणणार? म्हणून २०२१ ला ती पद्धतच मोडीत काढली आणि जादा नावांची वेगळी यादी केली.

कंसातला_कोल्हा
वाचनमात्र होतो पण राहवलं नाही. १९५० ते ५२ तिकडे लष्करी वायरलेसची अक्षरं वापरायचे, एबल, बेकर, चार्ली, डॉग, ईझी. म्हणजे खरोखर हरिकेन डॉग होऊन गेलंय. आणि १९५० चं हरिकेन ईझी, त्याने फ्लोरिडातल्या यँकीटाऊन नावाच्या गावात २४ तासांत ३८ इंचांच्या वर पाऊस पाडला. ईझी!

त्याच्याही मागे गेलात तर पोर्तो रिकोत ज्या संताच्या सणाला वादळ आलं त्याचं नाव, सरळ पंचांग बघून. १८७६ ला १३ सप्टेंबरला आलं ते सान फेलिपे. मग १९२८ ला परत १३ सप्टेंबरलाच आलं, आता काय करायचं, तर सान फेलिपे दुसरा. आपले बाजीराव दुसरे तसं.

बर्लिनची_बटाटेवडी
आमच्याकडे तर नाव विकत मिळतं! बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीचं हवामान खातं जर्मनीवरच्या हवेच्या दाबपट्ट्यांना नावं देतं, १९५४ पासून, आणि २००२ पासून कुणीही पैसे भरून आपल्या माणसाचं नाव लावू शकतो. कमी दाबाचा पट्टा, म्हणजे पाऊसवारा, तो स्वस्त, आणि जास्त दाबाचा, म्हणजे ऊन, तो महाग, कारण तो जास्त दिवस टिकतो. तिथे पण आधी सगळं खराब हवामान बायकांच्या नावाने असायचं, तक्रारी झाल्या, आता दरवर्षी आलटून पालटून. माझ्या नवऱ्याने मला वाढदिवसाला विचारलं, घेऊ का एक? मी विचारलं कुठला, तर म्हणे बजेटमध्ये कमी दाबाचाच बसतोय. दोन दिवस बोलले नाही, तोही कमी दाबाचाच पट्टा होता.

पोफळी
🤣🤣

अजून एक, ते २०२१ चं तौक्ते, त्याचा खरा उच्चार ताउते म्हणे. म्यानमारी नाव, इंग्रजी स्पेलिंगमधला क बघून आपण सगळ्यांनी आठवडाभर तौक्ते तौक्ते केलं. अर्थ तर म्हणे पाल, ती मोठी आवाज करणारी असते ती. आमची आजी ऐकून म्हणाली, मग बरोबर, चुकचुकली होती.

खवचट_काका
यादी चाळतोय. हवाईच्या बाजूला, मध्य पॅसिफिकला वेगळी यादी असते ती बघा, त्यात केली आहे आणि लाला आहे. केली २०२५ ला येऊन गेली, पुढे लाला. म्हणजे नाना अटलांटिकला आणि लाला पॅसिफिकला, दोघं एकदम आले तर अमेरिकेची पत्त्यांची बैठकच बसली, केळी वेफर्सला.

मीठभाकर
नाना येतील का पण यंदा? चौदावा नंबर म्हणजे फार खाली आहे की.

नकाशावाला
उलट अगदी काठावर आहेत. १९९१ ते २०२० ची सरासरी धरली तर अटलांटिकला एका सीझनला नाव मिळणारी वादळं १४. म्हणजे सरासरी साल असेल तर शेवटचं वादळ नानाच.

चिंगी_ह्यूस्टन
अपडेट. काल रविवारचा व्हिडिओ कॉल झाला, हे सगळं नानांना वाचून दाखवलं, सान फेलिपे दुसरा आवडला त्यांना. रॉक्सीबाई पण. नाव कुणाच्याच नावावरून नाही हे ऐकून थोडे खट्टू झाले पण सरासरी चौदा म्हटल्यावर सावरून बसले. मग म्हणे यादी मोठ्या अक्षरात छापून कुणाबरोबर तरी पाठव, देवळात दाखवायची आहे, इथे कुणी विश्वास ठेवत नाही. मी म्हटलं नाना, निसर्ग विसरलात का, असल्या यादीत नाव असणं चांगलं का? तर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मागे नवीन पत्र्यावर पाऊस वाजत होता, वळवाचा असेल.

मग विचारलं, "माझ्या आधी कोण आहे?"
मार्को.
"आणि मागे?"
ओमर.
"हं. मार्को गेला की फोन कर."